इन्व्हेंटरी टर्नओव्हरचा कॉलम आणि त्यामागची हिशोबाची पद्धत

कुठल्याही स्टॉक स्क्रीनरवर (शेअर्स आकड्यांनुसार चाळून देणाऱ्या वेबसाइटवर) जा, एकाच क्षेत्रातल्या सात-आठ कंपन्या निवडा, इन्व्हेंटरी टर्नओव्हरचा (म्हणजे विकलेल्या मालाचा खर्च भागिले स्टॉकची किंमत, माल किती वेळा फिरला ते सांगणारा रेशो) कॉलम लावा आणि सॉर्ट करा. वर कोण आलं, खाली कोण गेलं ते बघितलं की निष्कर्ष तयारच असतो, वरची कंपनी माल भराभर फिरवते, मॅनेजमेंट चोख आहे, खालचीचं गोडाऊन तुंबलंय. चांगले शिकलेसवरलेले लोक हे करतात, प्रेझेंटेशनमध्ये रंगीत चार्ट लावून करतात, आणि ते दिसतंही इतकं नीटनेटकं की कुणी खोलात जात नाही. माझं म्हणणं असं की त्या कंपन्यांची स्टॉकची किंमत काढायची पद्धत जर वेगवेगळी असेल तर त्या कॉलममधून गोडाऊनबद्दल फार थोडं कळतं आणि अकाउंट्सवाल्यांनी कधीकाळी काय निवडलं होतं ते जास्त कळतं. आणि हा गोंधळ निस्तरायचं काम रिपोर्ट वाचणाऱ्याच्या गळ्यात न टाकता नियम करणाऱ्यांनी करायला पाहिजे, जे ते करत नाहीत कारण मधे टॅक्स आहे.

आधी साधं गणित करून बघू. समजा तीन कंपन्या आहेत, अगदी एकसारख्या. प्रत्येकीने वर्षात ३०० नग घेतले, पहिले १०० नग १० च्या भावाने, पुढचे १०० १२ ने आणि शेवटचे १०० १५ ने. त्यातले २०० विकले, १०० उरले. म्हणजे उरलेल्या मालाच्या दुप्पट माल विकला गेला, नगांच्या हिशोबाने रेशो २, यात वादच नाही. आता फिफोवाली कंपनी धरते की जो माल आधी आला तो आधी गेला, तिचा विकलेल्या मालाचा खर्च येतो २,२०० आणि शिल्लक स्टॉक १,५००, रेशो १.४७. लिफोवाली धरते की शेवटी आलेला माल आधी गेला, तिचा खर्च २,७०० आणि शिल्लक १,०००, रेशो २.७. वेटेड अॅव्हरेजवालीचा एका नगाचा सरासरी भाव १२.३३, खर्च साधारण २,४६७, शिल्लक १,२३३, रेशो बरोब्बर २. (इथे जुना स्टॉक अजिबात नव्हता म्हणून तो इतका नेमका आला, खऱ्या आयुष्यात असा येईलच असं नाही.) नग तेच, खरेदी तीच, विक्री तीच, आणि कॉलम सांगतो की लिफोवाली फिफोवालीपेक्षा जवळपास दुप्पट वेगाने माल फिरवते!

पुढची गंमत तर अजून भारी आहे. समजा तिघींनी २० च्या भावाने माल विकला. फिफोवालीचा ढोबळ नफा १,८००, लिफोवालीचा १,३००. म्हणजे आता आपला विश्लेषक काय लिहील, की ही कंपनी माल पटापट काढते खरी पण मार्जिन कमी आहे, बहुतेक डिस्काउंट देऊन विकत असेल, आणि ती दुसरी सुस्त आहे पण तिची ब्रँड पॉवर जबरदस्त. झाली की नाही पूर्ण स्टोरी तयार? आणि त्यात एक अक्षर खरं नाही, कारण दोघींनी एकाच भावाने घेऊन एकाच भावाने विकलंय. भाव पडत असतील तर हे सगळं उलटं होतं, तेव्हा लिफोवाली सुस्त दिसते आणि फिफोवाली चपळ. भाव स्थिर असतील तर पद्धत कुठलीही असो, आकडा एकच येतो, पण भाव वर्षानुवर्षं स्थिर राहणारा धंदा शोधून सापडायचा नाही.

हे झालं एका वर्षाचं. लिफोमध्ये खरा घोळ साठत जातो. दरवर्षी विक्रीपेक्षा खरेदी थोडी जास्त झाली की त्या वर्षाच्या भावाचा एक थर तळाशी राहतो, पुढच्या वर्षी अजून एक, आणि ज्या कंपनीने दशकानुदशकं लिफो वापरलंय तिच्या बॅलन्स शीटवर आजचा माल कुठल्यातरी जुन्या काळच्या भावाने बसलेला असतो. माल नवा, किंमत जुनी.

बांधकामाच्या मशीन बनवणाऱ्या अमेरिकन कॅटरपिलरचं २००८ सालचं उदाहरण जरा जवळून बघण्यासारखं आहे, कारण त्यात सगळे आकडे कंपनीनेच दिलेत. बॅलन्स शीटवर इन्व्हेंटरी २००७ अखेर ७.२० अब्ज डॉलर, २००८ अखेर ८.७८ अब्ज. त्या वर्षीचा विकलेल्या मालाचा खर्च ३८.४ अब्ज. सरासरी स्टॉकने भागलं की टर्नओव्हर ४.८१, म्हणजे साधारण ७६ दिवसांचा माल. छान वाटतं ना? आता अॅन्युअल रिपोर्टमध्ये मागे जाऊन इन्व्हेंटरीची नोट वाचा. तिथे कंपनी सांगते की आम्ही फिफो वापरलं असतं तर स्टॉक २००७ ला २.६२ अब्जने आणि २००८ ला ३.१८ अब्जने जास्त दिसला असता. हा जो फरक आहे त्यालाच लिफो रिझर्व्ह म्हणतात. दोन्ही वर्षांच्या स्टॉकमध्ये तो मिळवायचा, आणि त्याच्यात वर्षभरात झालेली वाढ, म्हणजे ५६.६ कोटी डॉलर, खर्चातून वजा करायची. मग टर्नओव्हर येतो ३.४७ आणि दिवस होतात १०५. एकाच कंपनीचा, एकाच वर्षाचा, एकाच गोडाऊनमधला माल, आणि २९ दिवसांचा फरक, एकही मशीन जागचं न हलता. आता हिच्या ७६ दिवसांशेजारी फिफो वापरणाऱ्या, ट्रक आणि बांधकामाच्या मशीन बनवणाऱ्या व्होल्वो ग्रुपचे दिवस ठेवून कोण सरस ते ठरवायचं म्हणजे एकाची उंची फुटात आणि दुसऱ्याची मीटरमध्ये मोजून नुसते आकडे शेजारी लिहायचे.

माझ्या मते या दोन्हीपेक्षा तिसरा आकडा जास्त खरा आहे, आणि तो लोक फारसा काढत नाहीत. खर्च लिफोचा घ्यायचा आणि स्टॉक फिफोचा. पुस्तकी माणूस म्हणेल की ही भेसळ झाली. पण विचार करा, लिफोमध्ये खर्चाचा आकडा ताज्या भावाचा असतो आणि फिफोमध्ये शिल्लक मालाचा आकडा ताज्या भावाचा असतो, म्हणजे वरही आजचा भाव आणि खालीही आजचा भाव, मग भागाकारात भाव कटतो आणि जवळपास नगांचा रेशो हाती येतो. कॅटरपिलरचा असा काढला तर ३.५३ येतो. म्हणजे फिफोच्या आकड्याच्या बराच जवळ, लिफोच्या आकड्यापासून लांब. टर्नओव्हरपुरतं बोलायचं तर लिफोचा रेशो सगळ्यात जास्त फसवतो असं मी म्हणतो ते एवढ्यासाठी.

आणि कॅटरपिलर तर सौम्य केस म्हणायची. एक्सॉनमोबिल बघा. २००७ अखेर कच्चं तेल आणि तयार मालाचा साठा बॅलन्स शीटवर ८.९ अब्ज डॉलर, आणि नोटमध्ये लिहिलंय की हा साठा आज परत घ्यायचा तर या आकड्याच्या वर अजून २५.४ अब्ज लागतील. म्हणजे पुस्तकात जे दिसतंय ते खऱ्या किमतीच्या जेमतेम पाव हिस्सा. पुढच्याच वर्षी तेल कोसळलं आणि तो फरक १० अब्जांवर आला, पण बॅलन्स शीटवरचा आकडा मात्र ८.९ वरून ९.३ वर गेला. बाहेर तेलाचे भाव निम्म्याहून खाली आलेत आणि या कंपनीच्या पुस्तकात साठ्याची किंमत किंचित वाढलेली! अशा आकड्यावरून इन्व्हेंटरी डेज काढायचेच कशाला.

मग हे लिफो अजून जिवंत का आहे? आंतरराष्ट्रीय नियमांनी, म्हणजे आयएएस २ ने, २००३ च्या दुरुस्तीत ते काढून टाकलं, २००५ पासून ते लागू झालं, आणि आयएफआरएसच्या (आंतरराष्ट्रीय हिशोब-नियमांच्या) जगात आता एकसारख्या मालाला फिफो नाहीतर वेटेड अॅव्हरेज एवढंच चालतं. भारतातही लिफो चालत नाही. उरली अमेरिका. तिथे १९३८-३९ च्या टॅक्स कायद्यांनी लिफोला दार उघडून दिलं, कारण भाव वाढताना लिफोने नफा कमी दिसतो आणि टॅक्स कमी लागतो. पण सोबत एक अट घातली, की टॅक्ससाठी लिफो वापरायचं असेल तर शेअरहोल्डरला दाखवायच्या नफ्यातही लिफोच वापरा. सरकारला गरिबी दाखवायची आणि गुंतवणूकदाराला श्रीमंती, असं चालणार नाही. विचार म्हणून अट चांगली होती. पण परिणाम असा झाला की टॅक्स वाचवायचा तर जगाला दाखवायचं बॅलन्स शीटही वाकडं करावं लागतं, आणि पैसे वाचत असतील तर कुठला सीएफओ (कंपनीचा फायनान्स प्रमुख) म्हणेल की नको, मी सरळच दाखवतो?

हे रद्द करायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. ओबामांच्या काळात बजेटच्या प्रस्तावात लिफो रद्द करायचा मुद्दा पुन्हा पुन्हा आला, २०१४ मध्ये रिपब्लिकन खासदार डेव्ह कॅम्प यांच्या टॅक्स सुधारणेच्या मसुद्यातही होता, म्हणजे दोन्ही पक्षांकडून आला, आणि दोन्ही वेळा बारगळला. कारण उघड आहे, लिफो बंद केलं की इतक्या वर्षांचा साठलेला रिझर्व्ह एकदम उत्पन्न होऊन बसतो आणि त्यावर टॅक्स द्यायचा म्हणजे कंपन्यांच्या पोटात गोळा.

लिफोच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा मी उडवून लावत नाही, तो खरंच वजनदार आहे. ते म्हणतात आज विकलेल्या मालाच्या जागी आजच्या भावाने माल भरावा लागतो, मग नफा काढताना आजचाच खर्च धरा, फिफोचा नफा फुगीर असतो, त्यात नुसता माल धरून ठेवल्यामुळे झालेली भाववाढ मिसळलेली असते. बरोबर आहे. महागाईच्या काळात फिफोवाल्या कंपनीचं मार्जिन वाढलं की मी आधी हेच बघतो की धंदा सुधारला की नुसता जुना स्वस्त स्टॉक विकून झाला. पण हा मुद्दा नफ्या-तोट्याच्या पत्रकाचा झाला. बॅलन्स शीटचं काय? एक पत्रक खरं करायला दुसरं खोटं करायचं, आणि मग त्या दोन पत्रकातला एक-एक आकडा घेऊन भागाकार करायचा, तर उत्तर कसं खरं येणार.

त्याहून मला जास्त खटकते ती वेगळीच गोष्ट. आपण समजतो की हिशोबाची पद्धत म्हणजे नुसती नोंद, गोडाऊनमध्ये काय करायचं ते करा, नंतर कुठल्याही पद्धतीने लिहा. लिफोच्या बाबतीत हे खरं नाही, तिथे पद्धत गोडाऊन चालवायला लागते. ज्या कंपनीच्या तळाशी जुने स्वस्त थर आहेत तिने स्टॉक कमी करायचा ठरवला, म्हणजे नेमकं जे चांगल्या इन्व्हेंटरी मॅनेजमेंटमध्ये करायला सांगतात तेच, तर ते जुने थर विकलेल्या मालाच्या खर्चात येतात, खर्च कमी दिसतो, नफा फुगतो आणि टॅक्स लागतो. म्हणजे शिस्त लावल्याबद्दल दंड. मग वर्षअखेरीला गरज नसताना खरेदी करून थर शाबूत ठेवायचा मोह होतो, आणि तो सगळ्यांनाच टाळता येत असेल असं मला वाटत नाही. कॅटरपिलरने २००९ च्या मंदीत स्टॉक जोरात खाली आणला, २.४ अब्जच्या आसपास, आणि त्यात जुने थर निघाल्यामुळे त्या वर्षीचा खर्च सुमारे ३० कोटी डॉलरने कमी दिसला. मागणी कोसळलेली, कारखाने रिकामे, आणि त्याच वर्षी मार्जिनला हा टेकू. नोट न वाचता कुणी म्हटलं असतं की वा, मंदीतही खर्चावर काय पकड ठेवलीय.

२०२१-२२ मध्ये अमेरिकेतल्या कार डीलर्सवर तर हे अक्षरशः कोसळलं. चिपचा तुटवडा, कंपनीकडून गाड्या येईनात, लॉट रिकामे. डीलरने काही ठरवलं नव्हतं, माल मिळतच नव्हता, पण लिफोच्या हिशोबात थर संपले आणि टॅक्सची बिलं आली. त्यांनी ट्रेझरीकडे, म्हणजे अमेरिकेच्या अर्थखात्याकडे, सवलत मागितली, ती मिळाली नाही. आता त्या काळातला त्यांचा टर्नओव्हर काढून बघा, अफाट येईल, आणि ती कार्यक्षमता वगैरे काही नव्हती, नुसती टंचाई होती.

म्हणून माझं मत असं की ती टॅक्सवाली अट काढून टाका. टॅक्ससाठी लिफो ठेवायचं की नाही हा अमेरिकन काँग्रेसचा राजकीय प्रश्न आहे, त्यांनी तो सबसिडी म्हणून उघडपणे लढवावा, सबसिडी हवी तर सबसिडी म्हणा. पण शेअरहोल्डरसमोरच्या पुस्तकात लिफो नको. घसाऱ्याच्या बाबतीत टॅक्सला एक आणि पुस्तकात एक हे कधीपासून चालतंच आहे, फरक डिफर्ड टॅक्समध्ये (पुढच्या वर्षांवर गेलेल्या टॅक्सच्या नोंदीत) दाखवतात, कुणाचं काही अडलेलं नाही. मग स्टॉकच्याच बाबतीत असं सोवळं कशाला पाळायचं?

आता इथपर्यंत वाचून आयएफआरएसवाल्यांनी खुश व्हायचं कारण नाही, कारण एका बाबतीत त्यांचं जास्त वाईट आहे. लिफोवाल्या लिस्टेड कंपनीला निदान एसईसीच्या (अमेरिकेतल्या शेअर बाजाराच्या नियामकाच्या) नियमामुळे तो फरक नोटमध्ये सांगावा लागतो, म्हणून तर मी वर सगळं गणित करू शकलो. फिफो आणि वेटेड अॅव्हरेज यांच्यातला फरक कुणीच सांगत नाही. नियम एवढंच म्हणतो की कुठलं सूत्र वापरलं ते लिहा. एक कंपनी फिफो, दुसरी अॅव्हरेज, आणि अॅव्हरेजमध्येही कुणी प्रत्येक खरेदीनंतर काढतो तर कुणी ठरावीक काळानंतर एकदाच. दोघींचे आकडे एका पायावर आणायला बाहेरच्या माणसाकडे काहीही नाही. माल आठवड्याभरात फिरत असेल तर फरक नगण्य, सोडून द्या. पण धातू, रसायनं, लाकूड असलं काही सहा-सहा महिने पडून राहत असेल आणि भाव उसळत असेल तर फरक चांगला जाणवण्याइतका असतो आणि तो दिसतच नाही. दिसणाऱ्या खोटेपणापेक्षा न दिसणारा जास्त त्रास देतो.

उपाय फार मोठा नाही. पद्धत कुठलीही वापरा, नोटमध्ये एक ओळ टाका की वर्षअखेरचा स्टॉक आजच्या खरेदीच्या भावाने किंवा आजच्या उत्पादन खर्चाने किती होतो. खर्च वाढेल, ऑडिट कठीण होईल असं कंपन्या म्हणतील. पण परचेस डिपार्टमेंटला आजचा भाव माहीत नाही अशी कुठली कंपनी आहे? आणि जिथे स्वतःला गरज वाटते तिथे कंपन्या हे करतातच की. तेल कंपनी बीपी रिप्लेसमेंट कॉस्ट प्रॉफिट (आजच्या भावाचा खर्च धरून काढलेला नफा) म्हणून वेगळा आकडा देत आलीय, शेल करंट कॉस्ट ऑफ सप्लाइजवर आधारित कमाई दाखवते, का, तर तेलाचा भाव हलला की फिफोचा नफा उगाच नाचतो आणि गुंतवणूकदार गैरसमज करून घेतो. तेलवाल्यांना जमतं ते बाकीच्यांना न जमायला काय झालं.

अजून दोन गोष्टी आहेत ज्या पद्धतीच्या पलीकडच्या आहेत पण याच कॉलममध्ये घुसतात. एक म्हणजे राइट-डाउन, म्हणजे पडून राहिलेल्या मालाची किंमत पुस्तकात खाली आणणं. सिस्कोने २००१ मध्ये टेलिकॉमचा फुगा फुटल्यावर दोन अब्ज डॉलरच्या वरचा स्टॉक एका फटक्यात खर्ची टाकला. खर्च वाढला, शिल्लक स्टॉक कमी झाला, म्हणजे अपूर्णांकात वरचा आकडा मोठा आणि खालचा छोटा, टर्नओव्हर सुधारणारच. इतका माल चुकून जमवला म्हणून रेशो चांगला! आणि नंतर त्यातला काही माल वापरला गेला तेव्हा त्यावर खर्च जवळपास शून्य. वर अमेरिकन नियमात एकदा खाली आणलेली किंमत परत वर नेता येत नाही, आयएफआरएसमध्ये भाव सुधारला तर मूळ किमतीच्या मर्यादेत परत न्यावी लागते, म्हणजे एकाच धक्क्यानंतर दोन देशांतल्या दोन कंपन्यांचे रस्ते वेगळे. दुसरी गोष्ट वर्षअखेर. वॉलमार्टचं आर्थिक वर्ष ३१ जानेवारीला संपतं, ख्रिसमसची विक्री उरकून शेल्फ हलके झालेले असतात, त्या दिवशीच्या स्टॉकवरून वर्षभराचा अंदाज बांधायचा तर तो चांगलाच येणार. यावर उपाय सोपा आहे, चारही तिमाहींची सरासरी घ्या.

वॉलमार्टचं नाव आलंच आहे तर तिथे लिफोचीही एक शिकवणी आहे. तिच्या अमेरिकेतल्या स्टोअर्सचा स्टॉक वर्षानुवर्षं लिफोवर होता आणि परदेशातला मुख्यतः फिफोवर, म्हणजे एकाच बॅलन्स शीटच्या एकाच ओळीत दोन पद्धती. आणि तरी तेव्हा नोटमध्ये लिहिलेलं असायचं की लिफोची किंमत फिफोच्या किमतीच्या जवळपासच आहे. म्हणजे नुसतं 'लिफो' हे लेबल बघून घाबरायचीही गरज नाही, रिझर्व्ह किती ते बघायचं, तो नसल्यात जमा असेल तर तुलना खुशाल करा.

स्क्रीनर चालवणाऱ्यांकडून मात्र माझी एवढी अपेक्षा आहे की टर्नओव्हरच्या आकड्याशेजारी पद्धत लिहा, लिफो असेल तर रिझर्व्ह मिळवून काढलेला आकडाही द्या, आणि पद्धती वेगळ्या असतील तिथे कंपन्यांना नंबर देऊ नका. हा डेटा अॅन्युअल रिपोर्टमध्ये पडलेला असतो, पैसे घेऊन सबस्क्रिप्शन विकणाऱ्यांना तो उचलून लावणं काही अवघड नाही. ते होईपर्यंत एखाद्या कंपनीची तुलना तिच्या स्वतःच्याच मागच्या पाच-सात वर्षांशी करणं जास्त बरं, फक्त मधल्या काळात तिने पद्धत बदललीय का ते आधी तपासा.